डिशवॉशरचा ड्रेन पंप घरच्या घरी कसा बदलावा

धुलाई पूर्ण झाल्याचा इशारा मिळाला, दार उघडले आणि तळाशी गढूळ पाणी तसेच साचलेले दिसले, की बहुतेक घरांत ‘पंप गेला’, म्हणजे वापरलेले पाणी बाहेर टाकणारा ड्रेन पंप बिघडला, असा निकाल लगेच दिला जातो. हा निकाल पुष्कळदा घाईचा ठरतो. पाणी बाहेर न जाण्यामागे भरलेला फिल्टर, दुमडलेला पाइप, सिंकखालचा तुंबलेला जोड किंवा पंपाच्या पंख्यात अडकलेला एखादा कण यांपैकी काहीही असू शकते, आणि या चारही अडचणी पैसे खर्च न करता दूर करता येतात. पंप खरोखरच निकामी झाला असेल, तर तोही घरी बदलता येतो. मात्र नवा पंप मागवण्याआधी दोष जुन्या पंपाचाच आहे, याची खात्री मोजमाप घेऊन केली पाहिजे, हा या लेखाचा मुख्य आग्रह आहे.

सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरात डिशवॉशर आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. तरीही ज्या कंपनीचे सेवा केंद्र गावात नाही, तिचा तंत्रज्ञ कोल्हापूरहून किंवा पुण्याहून येईपर्यंत ग्राहकाला थांबावे लागते. तो आल्यावर सुटा पंप मिळत नाही असे सांगून पंपाभोवतीचा सगळा संच बदलण्याचा खर्च पुढे ठेवला जातो, असेही घडते. एका लहानशा मोटरसाठी सुस्थितीतील यंत्र अडगळीत जाणे हे नुकसान आहे, आणि ते टाळता येण्यासारखे आहे.

तीन परिस्थितींत मात्र स्वतः दुरुस्ती करू नये. यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर ते उघडल्याने हमी रद्द होण्याचा धोका असतो, म्हणून कंपनीकडेच तक्रार नोंदवावी. जळल्याचा वास आला असेल, वायर वितळलेली दिसत असेल किंवा यंत्राला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या असतील, तर प्लग काढून जाणकार इलेक्ट्रिशियनला बोलवावे. तिसरी परिस्थिती आपल्या भागाला चांगलीच परिचित आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीतील अनेक घरांच्या तळमजल्यांत शिरले होते. पुराच्या पाण्यात बुडालेल्या डिशवॉशरच्या मोटरीत, वायरिंगमध्ये आणि कंट्रोल बोर्डात बारीक गाळ जाऊन बसतो. अशा यंत्राला केवळ पंप बदलून उपयोग होत नाही आणि ते तपासल्याशिवाय चालू करणे धोक्याचे असते.

आधी वीज आणि पाणी

डिशवॉशरमध्ये पाणी आणि २३० व्होल्टची वीज एकमेकांच्या अगदी जवळ काम करतात. त्यामुळे बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढावा आणि कोणी चुकून परत लावू नये म्हणून तो यंत्राच्या वरच्या फळीवर, डोळ्यांसमोर ठेवावा. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ विद्युतभार शिल्लक राहतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटे थांबून मगच काम सुरू करावे. डिशवॉशर १६ अँपिअरच्या सॉकेटला जोडलेले असते आणि त्याच्या तिसऱ्या पिनेला खरोखर अर्थिंग असणे अत्यावश्यक आहे. गावभाग, खणभाग यांसारख्या जुन्या वस्तीतील काही घरांत सॉकेट तीन पिनेचे दिसते, पण आतली अर्थिंगची तार कुठेच जोडलेली नसते. यंत्र उघडण्याच्या निमित्ताने हे एकदा तपासून घ्यावे, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवून घ्यावा. पंपापेक्षाही हा खर्च अधिक महत्त्वाचा आहे.

त्यानंतर डिशवॉशरचा नळ बंद करावा. काही यंत्रांच्या इनलेट (पाणी आत आणणाऱ्या) पाइपच्या टोकाला, म्हणजे नळाच्या बाजूला, चौकोनी प्लॅस्टिकची डबी असते. तिच्यात गळती रोखणारा विजेचा व्हॉल्व्ह असतो आणि पाइपमधून त्याची वायर गेलेली असते. असा पाइप कधीही कापू नये आणि ती डबी पाण्यात बुडवू नये.

दोष कशात आहे, हे ऐकून ओळखावे

निदानाची सुरुवात कानांनी करावी. एवढ्या चाचणीपुरता प्लग लावावा. बहुतेक यंत्रांत ‘स्टार्ट’ बटण काही सेकंद दाबून धरले, की चालू प्रोग्राम रद्द होतो आणि पाणी उपसण्याची क्रिया सुरू होते. त्या वेळी यंत्राच्या खालच्या भागाकडे लक्ष द्यावे. मोटरचा नेहमीचा आवाज येत असेल पण पाणी हलत नसेल किंवा फार सावकाश जात असेल, तर पंप चालू आहे आणि अडथळा बहुधा पुढे पाइपमध्ये आहे. नुसती दबलेली घुरघुर ऐकू येत असेल, तर पंपाला वीज मिळते आहे, पण पंखा अडकला आहे. काहीच आवाज येत नसेल, तर पंपाची कॉइल (मोटरीतील तारेचे वेटोळे) तुटलेली असू शकते, किंवा कनेक्टर, वायर अथवा कंट्रोल बोर्ड यांत दोष असू शकतो. पडद्यावर दिसणारा संकेतही उपयोगी पडतो: बॉशच्या यंत्रांवरील ‘ई २४’ आणि ‘ई २५’ हे दोन्ही संकेत निचऱ्याविषयीचे असून दुसरा थेट पंपातील अडथळ्याकडे किंवा पंपाचे झाकण नीट न बसल्याकडे बोट दाखवतो; एलजीच्या यंत्रांवर निचऱ्याच्या दोषासाठी ‘ओई’ हा संकेत येतो. आपल्या यंत्राचे संकेत त्याच्या पुस्तिकेत पाहावेत. कोणताही संकेत ‘पंप बदला’ असे सांगत नाही, तो फक्त निचऱ्यात अडचण आहे एवढेच कळवतो.

निदानातील एक गोष्ट वेगळी ओळखावी लागते. धुलाई संपल्यावर तळ कोरडा असेल आणि सकाळी मात्र तेथे पाणी दिसत असेल, तर पंपाने आपले काम केलेले असते. बाहेर गेलेले पाणी परत येऊ नये म्हणून निचऱ्याच्या मार्गावर रबरी पडद्याचा एकदिशा व्हॉल्व्ह असतो. त्याच्याखाली कण अडकला की पाइपमधील पाणी, आणि कधी सिंकमधील खरकटे पाणीही, उलट आत येते. त्यासाठी पंप बदलण्याची गरज नसते.

आता प्लग पुन्हा बाहेर काढून आतले पाणी काढावे. खालची जाळी बाहेर घ्यावी, वाटीने आणि स्पंजने पाणी उपसावे, मग फिल्टर फिरवून काढावा आणि वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने धुवावा. आपल्याकडच्या स्वयंपाकात शेंगदाण्याचे कूट, ओल्या-सुक्या खोबऱ्याचा कीस, मिरचीचे बी, मोहरी आणि कढीपत्त्याच्या काड्या भरपूर असतात. कूट तेलात मिसळून फिल्टरच्या बारीक जाळीवर जो थर धरते, तो नुसत्या पाण्याने निघत नाही. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण वापरून जाळी उजेडाकडे धरावी आणि तिची छिद्रे मोकळी दिसेपर्यंत घासावी.

फिल्टर काढल्यावर जो खोलगट भाग दिसतो, त्याच्या एका बाजूला ड्रेन पंपाचे तोंड असते. अनेक यंत्रांत त्यावर प्लॅस्टिकचे लहान झाकण बसवलेले असते आणि ते चमच्याच्या टोकाने उचलून निघते. झाकणाआड पंख्याची पाती दिसतात. तेथे बोट घालण्यापूर्वी जाड हातमोजे घालावेत, कारण फुटलेल्या पेल्याचे तुकडे नेमके येथेच येऊन थांबतात. विश्रामबागेतील एका परिचितांच्या घरचे यंत्र ‘पंप जळाला’ म्हणून बंद ठेवलेले होते. झाकण काढल्यावर पात्यांमध्ये अर्ध्या नखाएवढी काच आडवी बसलेली दिसली, आणि तिच्या मागे दांड्याभोवती तारेच्या घासणीची एक चमकती तार घट्ट गुंडाळली गेली होती. चिमट्याने आधी काच काढून मग ती तार उलट दिशेने उलगडावी लागली. तेवढ्यावर पंप पूर्ववत चालू झाला आणि मागवलेला नवा भाग वापरावा लागला नाही.

पंखा लाकडी काडीने हळूच फिरवून पाहावा. येथे अनेकांचा गैरसमज होतो. हा पंखा छताच्या पंख्यासारखा मोकळेपणाने गरगर फिरत नाही. तो थोडा फिरतो, अडतो आणि किंचित जोर दिल्यावर झटक्याने एक टप्पा पुढे सरकतो. या पंपाच्या मोटरीतील रोटर, म्हणजे फिरणारा भाग, कायम चुंबकाचा असतो आणि तो प्रत्येक टप्प्याला लोखंडी गाभ्याकडे ओढला जातो, त्यामुळे असे अडत फिरणे हे पंप चांगला असल्याचेच लक्षण आहे. टप्पे न जाणवता पंखा सैल फिरत असेल, तर तो चुंबकाच्या दांड्यापासून सुटलेला आहे. कितीही प्रयत्न करून तो जागचा हलत नसेल किंवा दांडा बाजूला डुगडुगत असेल, तर पंप बदलावा लागेल.

पंखा ठीक असेल तर ड्रेन पाइपकडे वळावे. सिंकखालच्या बॉटल ट्रॅपला (सांडपाण्याच्या बाटलीसारख्या जोडाला) जोडलेले त्याचे टोक सोडवून बादलीत धरावे, झाकण व फिल्टर परत बसवून आत थोडे पाणी ओतावे, यंत्राचा प्लग पुन्हा लावून उपसण्याची क्रिया चालवावी आणि पाणी जोराने बादलीत येते का ते पाहावे. येत असेल, तर तुंबलेला आहे तो ट्रॅप. ही चाचणी संपताच प्लग पुन्हा बाहेर काढावा.

मल्टिमीटरची साक्ष

अडथळा कुठेच सापडला नाही आणि पंप मूकच राहिला, तर शेवटचा निर्णय मल्टिमीटरवर, म्हणजे विजेची मापे घेणाऱ्या उपकरणावर, सोडावा. त्यासाठी पंपाच्या दोन पिनांपर्यंत पोहोचावे लागते, म्हणून यंत्र जागेवरून काढणे आले. बारा-चौदा जणांच्या भांड्यांचे यंत्र साधारण पन्नास किलोच्या घरात असते, तेव्हा हे काम दोघांनी मिळून करावे. भांड्यांच्या जाळ्या आधी बाहेर काढाव्यात, दार चिकटपट्टीने बंद करून घ्यावे, इनलेट पाइप आणि ड्रेन पाइप सोडवावेत, जमिनीवर जुनी वाकळ किंवा जाड सतरंजी दुहेरी पसरावी आणि पुस्तिकेत वेगळी सूचना नसेल तर यंत्र सावकाश पाठीवर आडवे करावे. मीठ भरण्याच्या टाकीत आणि बाजूच्या पाण्याच्या कप्प्यात उरलेले पाणी या वेळी झिरपते. ते टिपण्यासाठी कपडे जवळ ठेवावेत.

खालचे पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे आवरण स्क्रूंनी बसवलेले असते. अनेक कंपन्या तेथे सहा कोनांचे स्टार स्क्रू वापरतात आणि त्यांना टी-२० मापाचे बिट लागते. साध्या स्क्रू ड्रायव्हरने ते सोडवण्याचा प्रयत्न केल्यास डोके झिजते आणि पुढचे काम अवघड होते. पत्र्याच्या कडा धारदार असतात, म्हणून हातमोजे काढू नयेत. आवरण निघाले की काहीही हलवण्यापूर्वी मोबाइलने सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. आत दोन पंप दिसतील. मोठा पंप फवाऱ्याच्या पात्यांकडे पाणी ढकलणारा असतो. मधल्या खोलगट भांड्याच्या कडेला आडवा बसवलेला, मुठीत मावेल एवढा पंप निचऱ्याचा.

त्याचा कनेक्टर काढताना वायर ओढू नये. खाच दाबून कनेक्टरच धरून ओढावा. पिना हिरवट पडल्या असतील तर पाण्याची गळती तेथपर्यंत पोहोचली होती असे समजावे. मल्टिमीटर ओहमच्या मापावर ठेवून त्याची टोके दोन पिनांना लावावीत. २२० ते २४० व्होल्टवर चालणारे हे पंप साधारण २५ ते ३५ वॉटचे असतात आणि त्यांच्या कॉइलचा रोध बहुतेक वेळा १०० ते २५० ओहमच्या दरम्यान मिळतो. मीटर काहीच वाचन दाखवत नसेल, तर कॉइल तुटलेली आहे. वाचन शून्याजवळ असेल, तर कॉइल आतून शॉर्ट आहे. पंपाच्या लोखंडी गाभ्याला एक टोक आणि पिनेला दुसरे टोक लावल्यावर कोणतेही वाचन येता कामा नये. आले तर तो पंप क्षणभरही वापरू नये. वाचन योग्य असूनही पंप चालत नसेल, तर दोष वायरमध्ये किंवा कंट्रोल बोर्डात आहे, आणि तेथे घरगुती दुरुस्तीची हद्द संपते. काही नव्या यंत्रांतील पंपांना दोनऐवजी तीन किंवा अधिक पिना असतात. त्यांना वरील आकडे लागू होत नाहीत.

योग्य पंप मिळवणे

यंत्राचा मॉडेल क्रमांक दाराच्या कडेवर किंवा दार उघडल्यावर चौकटीच्या बाजूला लावलेल्या पट्टीवर असतो. त्याखेरीज जुन्या पंपाच्या अंगावर छापलेला क्रमांक, व्होल्टेज आणि वॉटही लिहून घ्यावेत. पंपावर यंत्राच्या कंपनीऐवजी अस्कोल किंवा हान्यू अशा पंप बनवणाऱ्या कंपनीचे नाव आढळले तर गोंधळून जाऊ नये. यंत्रांचे अनेक उत्पादक पंप बाहेरून घेतात. दुकानात जाताना जुना पंप (काढण्याची कृती पुढे दिली आहे) सोबत न्यावा. “वॉशिंग मशिनचा हाच बसेल” असे सांगून वेगळा पंप पुढे केला जातो, आणि दिसायला तो सारखाच असतो. पण त्याचे तोंड, अडकवण्याच्या खाचा आणि रबरी रिंगचे माप वेगळे असते, आणि कसाबसा बसवलेला पंप गळतो. खाचांची संख्या आणि जागा, कनेक्टरच्या पिना व पंख्याचा व्यास या तीन गोष्टी जुन्या पंपाशी तंतोतंत जुळल्या तरच घ्यावा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले असून, तेथे सहभागी कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती आणि सेवा केंद्रांचे तपशील पाहता येतात. सुटा भाग मिळतच नाही असे उत्तर मिळाल्यास तेथे एकदा शोध घ्यावा.

जुना काढून नवा बसवणे

पूर्ण कामातला हा भाग सर्वांत लहान आहे. पंप साधारणपणे एका खुंटीने अडकवलेला असतो. ती खुंटी दाबून धरावी आणि पंप घड्याळाच्या उलट दिशेने थोडासा फिरवून सरळ बाहेर ओढावा. काही यंत्रांत त्याऐवजी दोन-तीन स्क्रू असतात. पंप निघताच त्या जागेतून वाटीभर पाणी येते, म्हणून खाली पसरट भांडे आधीच ठेवावे आणि मोटरीच्या पिनांवर पाणी पडू देऊ नये.

रिकाम्या खोबणीत टॉर्च मारून पाहावे. तेथे जमलेला चिकट थर आणि क्षारांची पांढरी कड ओल्या कापडाने पुसून काढावी. क्षार घट्ट असतील तर सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणाने ते सुटतात. संडास धुण्याचे ॲसिड येथे चालत नाही, कारण ते स्टीलला डाग पाडते. नव्या पंपासोबत आलेली रबरी रिंगच वापरावी. ती सहज बसावी म्हणून तिला साबणाचे पाणी लावावे. तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण या रिंगचे रबर खनिज तेलाने फुगते आणि काही महिन्यांत गळती सुरू होते. पंप सरळ आत ढकलून घड्याळाच्या दिशेने ‘टक’ असा आवाज येईपर्यंत फिरवावा, कनेक्टर बसवावा आणि वायर मूळ छायाचित्राप्रमाणे खोबणीत दाबून टाकावी, म्हणजे ती पत्र्याच्या धारेला घासणार नाही.

आवरण लावण्यापूर्वी तळाची तबकडी पूर्ण कोरडी करावी. अनेक यंत्रांत या तबकडीत थर्मोकोलचा एक तरंगता तुकडा आणि त्यावर लहान स्विच असतो. गळती झाली की तुकडा वर उचलला जातो, स्विच दाबला जातो, यंत्र पाणी घेणे थांबवते आणि पंप सतत चालू ठेवते. दुरुस्तीत सांडलेले पेलाभर पाणी तेथे राहिले तरी हेच घडते, आणि नवा पंप बसवूनही यंत्र बिघडलेलेच आहे असे वाटून माणूस हताश होतो.

चाचणी

यंत्र उभे करून प्लग न लावताच आत दोन-तीन लिटर पाणी ओतावे आणि पंधरा मिनिटे थांबून टॉर्चने खालचा भाग पाहावा. कोरडे असेल, तरच दोन्ही पाइप जोडावेत. ड्रेन पाइप जमिनीलगत मोरीत सोडून देऊ नये. त्याचा एक भाग पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर वळवून बांधावा, नाही तर भरतानाच पाणी आपोआप बाहेर ओढले जाते. मग प्लग लावून उपसण्याची क्रिया चालवावी. पाणी अर्ध्या-एक मिनिटात जोराने बाहेर गेले पाहिजे. त्यानंतर भांड्यांशिवाय एक छोटा गरम प्रोग्राम चालवावा, कारण गरम पाण्यात रबर आणि प्लॅस्टिक किंचित फुगतात आणि थंड पाण्यात न दिसलेली गळती तेव्हा उघड होते. हा प्रोग्राम संपेपर्यंत यंत्र भिंतीला टेकवू नये, आणि खाली वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवावा. त्यावर थेंबाचा डाग लगेच दिसतो.

नव्या पंपाच्या आयुष्यावर पाण्याचाही परिणाम होतो. ज्या सोसायट्यांत बोअरचे पाणी वापरले जाते, तेथे पाण्याची कठीणता साध्या चाचणीपट्टीने मोजून यंत्राची सेटिंग त्याप्रमाणे ठेवावी आणि मिठाच्या टाकीत डिशवॉशरसाठी असलेले जाड मीठच भरावे. स्वयंपाकातील आयोडिनयुक्त बारीक मीठ तेथे घालू नये. फिल्टर आठवड्यातून एकदा धुवावा, आणि धुतल्यावर तो फिरवून पूर्ण बसला आहे ना हे हाताने चाचपून पाहावे, कारण अर्धवट बसलेल्या फिल्टरच्या फटीतूनच काच आणि काड्या पंपापर्यंत जातात.

नव्या पंपाचा क्रमांक आणि बसवल्याची तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती यंत्राच्या पुस्तिकेत ठेवावी. जुना पंप आठवडाभर जपून ठेवावा. नवा सदोष निघाला तर बदलून घेताना तुलनेसाठी तो लागतो. त्यानंतर तो ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावा.